बायजाबाईने देवाला दिलेला कोंबडा

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, असं रुपरावांनी आधीच सांगून टाकलं. चर्चमधल्या जुन्या लोकांनी तर मानूच नये, कारण ते तेव्हा हजर होते, आणि हजर असलेल्या माणसाला काय घडलं ते सगळ्यात कमी कळतं.

रविवारची उपासना सुटली होती. आवारातल्या चिंचेखालच्या बाकावर रुपराव बसले, तशी जुनी मंडळी गाड्यांच्या किल्ल्या शोधायला लागली. त्यांना हा बाक आणि रुपराव एकत्र आले की काय होतं ते माहीत होतं. उरली ती दोनचार नवी कुटुंबं, जी यंदाच नागपूरला बदली होऊन आली होती, आणि पंचफुला. पंचफुला गेल्या वर्षापासून आवारातल्या मागच्या खोलीत राहते आणि चर्चची झाडलोट करते. ती मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होती. रुपरावांच्या पायाशी एक तांबडं, लठ्ठ पाखरू टोस्टचा चुरा टिपत होतं. रुपरावांनी चहात टोस्ट बुडवला, अर्धा खाल्ला, अर्धा त्याच्यासाठी कुस्करला आणि सुरुवात केली.

तर प्रेमानंद. रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर हिरवा झेंडा रेल्वेला परत केला, पण लाल झेंडा मनात राहिला. ते मंडळीचे वडील झाले, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मानाचे, आणि देवाचं भय हे खातं त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतलं. नागपूरचा माणूस उन्हाला भीत नाही, ट्रॅफिक पोलिसाला भीत नाही, तिखटाला तर नाहीच नाही. निदान देवाला तरी त्याने भ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांच्यापाशी पितळी टोकाची काळी छत्री होती. उपदेश चालू असताना कोणाची मान छातीवर आली की मागून ती छत्री अलगद यायची आणि बरगडीत बसायची. बायकांच्या बांगड्या वाजल्या तर ते त्या बाजूला असं पाहत की बांगड्यांनाही घाम फुटावा. उपासनेत टाचणी पडली तरी प्रेमानंद उठून विचारत, कोणाची.

आणि त्यांची प्रार्थना. तिची कीर्ती कामठीपर्यंत होती. एरवी ते तुमच्याआमच्यासारखे ‘मले’ आणि ‘तुले’ बोलत, पण प्रार्थनेला उभे राहिले की जिभेवर जुन्या पुस्तकातली मराठी चढायची. धूळ, राख, सिंहासन, थरथर, नेत्रांतून वाहणाऱ्या धारा, सगळं यायचं. बाया तेवढ्या वेळात आठवड्याच्या भाज्या ठरवून टाकत आणि पोरं राहिलेली झोप पुरी करत. सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे. प्रेमानंदांचे मात्र अर्धे उघडे. कोण कुजबुजतो, कोण मोबाइल काढतो, कोणाला आपल्या प्रार्थनेने रडू येतंय, हे पाहायला कोणीतरी जागं नको का? ड्यूटी होती ती.

त्या वर्षी त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट व्हायची राहिली होती. चर्चला सव्वाशे वर्षं भरत होती. जानेवारीत मोठी उपासना होणार, बिशपसाहेब येणार, आजूबाजूच्या मंडळ्या येणार, आणि स्तुतीची मोठी प्रार्थना प्रेमानंद करणार, असं ठरलं होतं. शंभराव्या वर्षी ती त्यांच्या वडिलांनी केली होती. ती ऐकून म्हणे त्या वेळच्या बिशपांनी चष्मा काढून पुसला होता. प्रेमानंद तेव्हा पहिल्या रांगेत होते. त्या दिवसापासून त्यांनी देवाकडे दुसरं काही मागितलंच नाही. आपली प्रार्थना आणि बिशपांचा चष्मा, बस.

आणि मग आला कापणीचा सण.

नव्या लोकांना रुपरावांनी समजावून सांगितलं, कारण शहरात वाढलेल्यांना हा सण नुसता केक खायचा दिवस वाटतो. आपल्याकडे त्या दिवशी शेतीवाले पीक आणतात. वेदीसमोर संत्र्यांचे ढीग लागतात, ज्वारीची कणसं, वांगी, कोहळे, कापसाचं बोंड, कोणाची अंडी, कोणाचे लाडू. पाळक त्या सगळ्यावर प्रार्थना करून ते देवासाठी वेगळं करतात, आणि मग आवारात त्याचा लिलाव होतो. लिलावात घेतलं ते तुमचं. पण जे कोणी घेतलं नाही ते देवाचंच राहतं. आजवर असं कधी उरलं नव्हतं. कोहळासुद्धा उरत नसे.

त्या वर्षी सावनेरकडच्या बायजाबाईने टोपलीत घालून एक कोंबडा आणला. तांबडा, तुरा असा की बिशपांच्या टोपीने लाजावं. बायजाबाई दरवर्षी वांगी आणायची. यंदा एवढा देखणा कोंबडा कशाला, असं नत्थू चौकीदाराने विचारलं, तर ती नुसती म्हणाली, देवाले द्याचा होता, आणि घाईघाईने मागच्या रांगेत जाऊन बसली. तिथेच खरं तर संशय यायला हवा होता.

पाळक पियुष तेव्हा नवे होते, तरुण, मन लावून काम करणारे. त्यांनी सगळ्या अर्पणांवर हात ठेवला, कोंबड्यावरही ठेवला, आणि हे सर्व परमेश्वराच्या सेवेसाठी वेगळं करतो असं म्हटलं. कोंबडा गप्प. मग आभाराची प्रार्थना करायला प्रेमानंद उभे राहिले. म्हणाले, हे सर्वसमर्थ परमेश्वरा. कोंबडा गप्प. म्हणाले, तुझ्या सिंहासनासमोर आम्ही थरथर कापत उभे आहोत.

कोंबडा आरवला.

लोकांना वाटलं, कोंबडा आहे, आरवणारच. प्रेमानंदांनी अर्ध्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. म्हणाले, आम्ही रात्रंदिवस तुझंच चिंतन करतो. कोंबडा पुन्हा आरवला, लांब, शेवटी पीळ देऊन. म्हणाले, माझ्यासारखा क्षुद्र दास. त्यावर तर त्याने पंख फडफडवून टोपलीवर उभं राहून अशी बांग दिली की संत्री घरंगळली. प्रेमानंदांनी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना आटोपती घेतली. बाया पाहतच राहिल्या, कारण त्यांच्या भाज्या अजून बुधवारपर्यंतच आल्या होत्या.

लिलाव पुकारायला रुपरावच होते, म्हणून तर ही गोष्ट त्यांना मुळापासून ठाऊक. त्यांनी अंडी हातात घेतली आणि सांगितलं, घरच्या कोंबड्यांची, आजच सकाळची. कोंबडा आरवला. ज्या बाईंनी अंडी आणली होती त्या उठून चपला घालू लागल्या. रुपरावांनी केक उचलला. हा मी स्वतः चाखून पाहिलाय, अप्रतिम आहे, असं म्हणताच कोंबडा दोनदा आरवला, एकदा चाखण्यावर आणि एकदा अप्रतिमवर. आता मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. प्रभूच्या शिष्याने, पेत्राने, ‘मी त्याला ओळखत नाही’ असं खोटं सांगितलं तेव्हा कोंबडा आरवला, हे रविवारच्या शाळेतलं शेंबडं पोरही जाणतं. सगळे बायजाबाईकडे वळले.

बायजाबाईने पदर सावरला आणि खरं काय ते सांगून टाकलं. “त्याच्यासाठीच तं आनला न बापा. घरात ठेवनं जमत नोहोतं. पाहुने म्हनत, पोट भरलं, हा आरवे. मी म्हनो, आनखी लय भाकरी हाय, हा आरवे. सोयरे तुटाले लागले. म्हनलं, देवाले देऊन टाकू. त्याले कोनापाशी खोटं बोलाचं काम नाई पडत.”

मग तो कोंबडा घेणार कोण? लिलावात तो पुकारला गेला, पण एकही आवाज उठला नाही. नवरे बायकांकडे पाहीनात, बायका नवऱ्यांकडे पाहीनात. एका गृहस्थाने फक्त घसा खाकरला, तर त्याच्या बायकोने त्याचा हात धरून खाली बसवलं. कोंबडा उरला. आणि उरलेलं देवाचं. कापून खावा, तर देवासाठी वेगळ्या केलेल्या जिवाच्या मानेवर सुरी कोण चालवणार? हाकलावा, तर देवाची वस्तू देवाच्या आवारातून हाकलायची कशी? पाळक पियुष दोन दिवस विचार करत राहिले आणि शेवटी म्हणाले, राहू द्या.

दुसऱ्या रविवारपासून तो उपासनेला येऊ लागला. दारातून सरळ आत, मधल्या वाटेने, पुढच्या बाकाच्या पाठीवर. उपदेश होईपर्यंत डोळे मिटून बसायचा. आणि काय सांगावं, चर्च असं शांत झालं की विचारू नका. गाणं म्हणताना ज्यांना ‘मी सर्वस्व तुला वाहिलं’ म्हणवेना, ते तेवढीच ओळ गाळून पुढची म्हणू लागले. दाराशी पाळकांचा हात हातात घेऊन ‘उपदेश फार आवडला’ म्हणणं बंद झालं. लोक नुसतं ‘सलाम’ म्हणून निघत. कुजबुज संपली. मोबाइल बाहेर ठेवून येऊ लागले. टाचणी पडली असती तर ज्याची त्याने स्वतःच हात वर केला असता.

इतक्या वर्षांत छत्रीला जे जमलं नव्हतं ते कोंबड्याने पंधरवड्यात केलं होतं. प्रेमानंदांना आनंद व्हायला हवा होता. पण ते मागच्या बाकावर छत्री मांडीवर आडवी घेऊन बसत आणि तिला कोणी विचारत नसे. घरी येऊन त्यांनी बायकोपाशी, प्रमोदिनीबाईंपाशी, तक्रार केली. लोक बिघडले म्हणाले. देवाला भ्यायचं सोडून एका कोंबड्याला भितात.

प्रमोदिनीबाई कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

“आंधी तुमच्या छत्रीले भेत होते, आता कोंबड्याले भेतात,” त्या म्हणाल्या. “देवाची पाळी अजून आलीच नाई.”

प्रेमानंदांना हे बोलणं मनातून आवडलं नाही, म्हणून त्यांनी ते ऐकू आलं नाही असं ठरवलं. कोंबडा घरात नव्हता ते बरं झालं.

त्यांची खरी झोप उडवली होती जानेवारीने. बिशप समोर, सगळ्या मंडळ्या समोर, आपण म्हणणार, आम्ही थरथर कापत उभे आहोत, आणि हा आरवणार. बिशप चष्मा पुसायला काढतील, पण हसून हसून. वडिलांचं नाव जाईल, ते वेगळंच. कोंबडा आणि जानेवारी यांपैकी एकच राहू शकत होतं.

लकडगंजात त्यांच्या ओळखीचा एक लाकूडवाला होता. प्रेमानंदांनी त्याला सांगितलं, एक पाखरू आहे, दुकानात ठेवा, लक्ष्मी येते. हे म्हणताना कोंबडा टोपलीत आरवला, पण आरागिरणीच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. प्रेमानंद हलक्या पावलांनी घरी आले. संध्याकाळी दारात ऑटो थांबला. लाकूडवाला स्वतः कोंबड्याला मांडीवर घेऊन आला होता आणि रडायच्या बेतात होता. दुकानात गिऱ्हाईक आलं, लाकूडवाल्याने लाकडावर थाप मारून सांगितलं, अस्सल सागवान, आणि हा आरवला. मग सांगितलं, बाभूळ असेल पण जुना माल आहे. पुन्हा आरवला. शेवटी गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं सोडून कोंबड्यालाच विचारू लागलं. लाकूडवाल्याने कोंबड्याला हात जोडले, प्रेमानंदांना हात जोडले, आणि ऑटोवाल्यालाही जोडले, कारण तो वाटेत म्हणाला होता की मीटर बिघडलंय.

बर्डीच्या बाजारात फुटपाथवर कपडे विकणाऱ्या एका पोराने मग त्याला ठेवून घेतलं. ‘एकच पीस उरला’ असं तो दिवसाला शंभरदा म्हणायचा. तासाभरात त्याने कोंबडा परत केला आणि वर एक शर्ट दिला.

मग प्रेमानंदांच्या डोक्यात रेल्वेची बुद्धी चालली. सिग्नल बदलत नसेल तर गाडी बदला. उद्यापासून कोंबड्यासमोरच प्रार्थनेची तालीम करायची. ज्या वाक्यावर आरवेल ते वाक्य काढायचं. जे उरेल ते शुद्ध सोनं असेल, आणि जानेवारीत त्यावर तो गप्प बसेल.

दुपारी चर्चमध्ये कोणी नसे. पाळकांच्या खोलीत टेबलावर कोंबडा आणि समोर प्रेमानंद, अशी तालीम सुरू झाली. नत्थू बाहेरून ऐकायचा. हे सर्वसमर्थ, सनातन परमेश्वरा, यावर कोंबडा गप्प होता. प्रेमानंदांना धीर आला. तुझ्या सिंहासनासमोर, गप्प. आम्ही थरथर कापत, आरवला. काढलं. तुझ्या नामाचं भय आमच्या अंतःकरणात, आरवला. काढलं. आम्ही धूळ आणि राख आहोत. यावर प्रेमानंदांना वाटलं होतं आता गप्प बसेल, कारण हे तर सगळ्यांनाच लागू आहे. आरवला. का? प्रेमानंद रागावून म्हणाले, मी स्वतःला धूळच समजतो. यावर तो इतका वेळ आरवला की नत्थूने आत येऊन त्याला पाणी पाजलं.

रोज थोडी थोडी प्रार्थना कमी होत गेली. नेत्रांतल्या धारा गेल्या. तळमळ गेली. हृदयाची वेदी गेली. वडिलांच्या काळापासून चालत आलेलं एक लांबलचक वाक्य होतं, ज्याच्यावर बिशपांनी चष्मा पुसला होता. ते प्रेमानंदांनी अगदी शेवटी म्हटलं, डोळे कोंबड्यावर ठेवून, हळू, जणू काचेचं भांडं ठेवतोय. कोंबड्याने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग आरवला, पण हळू, थोडा दिलगीर होऊन. वाक्य खोटं नव्हतं. ते प्रेमानंदांचं नव्हतं.

उपासनेच्या आदल्या दिवशी उरली ती प्रार्थना अशी: हे परमेश्वरा, आम्ही उभे आहोत, आमेन. त्यातही आमेनला कोंबड्याने मान एका बाजूला करून पाहिलं होतं.

प्रेमानंदांनी नत्थूला बोलावलं आणि सरळ सांगितलं, उद्या हा सामानाच्या खोलीत बंद. नत्थूने त्याला आत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली प्रेमानंदांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी प्रेमानंदांनी घरी सगळी प्रार्थना पुन्हा आठवली, थरथर, धूळ, धारा, सगळी. आली की नाही? आली. रुळावर गाडी यावी तशी आली. प्रमोदिनीबाई शेजारी बसून गव्हातले खडे काढत होत्या. छान झाली का, असं प्रेमानंदांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, आवाज छान हाय.

जानेवारीचा रविवार उजाडला. चर्चमध्ये मुंगीला जागा नव्हती. बाहेर मंडप, मंडपात पडदा लावून उपासना दाखवायची सोय, कळमेश्वरहून, उमरेडहून बसगाड्या आलेल्या. बिशपसाहेब आले, उंच, गोरेपान, जाड चष्म्याचे. तो चष्मा प्रेमानंदांनी दारातच डोळे भरून पाहून घेतला.

आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बिशपांची खुर्ची वेदीपाशी नाही. ती जुनी लाकडी खुर्ची, लाल मखमल खाली जमिनीपर्यंत लोंबणारी, वर्षात एकदा निघते. ती कुठे असते? सामानाच्या खोलीत. किल्ली कोणापाशी? प्रेमानंदांनी ती काढून दिली, कारण न देऊन सांगता कोणाला. नत्थूने आणि पाळकांनी मिळून खुर्ची उचलून आणली. बिशपसाहेब तिच्यावर विराजमान झाले. गाणं झालं. वाचन झालं. पाळकांनी सांगितलं, आता आपले ज्येष्ठ वडील स्तुतीची प्रार्थना करतील, आपण सर्व उभे राहू या.

प्रेमानंद पुढे गेले. कोट ठाकठीक केला. छत्री कठड्याला टेकवली. सवयीप्रमाणे अर्ध्या डोळ्यांनी सगळ्या चर्चवर नजर फिरवली, आणि ती बिशपांच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. मखमलीच्या झालरीखाली दोन पिवळे पाय होते.

पाय एक पाऊल पुढे आले. झालर बाजूला झाली आणि तुरा दिसला. कोंबड्याने प्रेमानंदांकडे पाहिलं, जसं स्टेशनमास्तर सुटायच्या गाडीकडे पाहतो.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. पंखे फिरतायत. हे सर्वसमर्थ, एवढं ओठांवर आलं आणि पुढचं काय आहे ते प्रेमानंदांना माहीत होतं. पुढचं सगळं खोटं होतं. कोंबडा आरवेल म्हणून नव्हे, ते मुळातच खोटं होतं. पळून जावं असं त्यांना वाटलं, पण मधल्या वाटेत माणसं उभी होती. दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी लहान पोर करतं ते केलं. डोळे मिटून घेतले. पुरते.

मिटले आणि समोरची माणसं गेली. बिशप गेले, चष्मा गेला, कोंबडाही गेला. अंधारात ते एकटे असायला हवे होते. पण एकटे नव्हते. थांबलेल्या आगगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं असताना रुळांतून आधी कंप येतो आणि मग कळतं की मागून काहीतरी प्रचंड येतंय, तसं त्यांना वाटलं. फक्त ते येत नव्हतं. ते आधीपासून तिथेच होतं. सबंध आयुष्य ते याच्याकडे पाठ करून उभे होते आणि लोकांना शिस्त लावत होते. त्यांचे गुडघे हलायला लागले. थरथर म्हणतात ती हीच, एवढं त्यांना कळलं. इतकी वर्षं शब्द वापरला होता, पण वस्तू पाहिली नव्हती.

“बापा,” ते म्हणाले, आणि आवाज घरातला निघाला. “मी इतके वर्सं तुह्यासमोर उभा राहून लोकाइकडे पाहून राहिलो होतो. आज डोये मिटले. तू इतक्या जवय असशीन असं वाटलं नोहोतं गा. मले भेव लागून राहिलं. अन् जाऊबी वाटत नाई.”

पुढे काही आलं नाही. आमेनही आलं नाही.

कोंबड्याची आठवण प्रेमानंदांना राहिली नव्हती. पण ज्यांनी चोरून पाहिलं, त्यांनी पाहिलं की कोंबड्याने दोन्ही पाय दुमडले, चोच छातीत घातली आणि तो जमिनीवर बसून राहिला. मग जी शांतता झाली ती पाहायला, खरं तर ऐकायला, तुम्ही हवे होता. पंखे बिनआवाज फिरू लागले. मंडपातली पोरं रडायची थांबली. बाहेरच्या रस्त्यावर एक ऑटो हॉर्न वाजवत येत होता, तो फाटकासमोर आला आणि हॉर्न घशातच गिळून पुढे जाऊन मग वाजवला. कोणाचा तरी मोबाइल खिशात वाजणार होता, तो नुसता थरथरला आणि शरमेने बंद पडला. भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट मागे पडलं ते आजतागायत मागे आहे, वाटल्यास आत जाऊन पाहा. कोणालाही वाटेना की आता डोळे उघडावेत. आणि पहिल्यांदाच असं झालं की त्या शांततेला कोणाची छत्री लागली नव्हती आणि कोणाचा कोंबडाही.

शेवटी बिशपसाहेब उठले. त्यांनी चष्मा काढला होता, हे नत्थूने शपथेवर सांगितलं. तो पुन्हा नाकावर चढवून ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, आज एवढ्या मोठ्या समुदायापुढे उभं राहताना मला अत्यंत लीन वाटत आहे.

कोंबडा उठला, मान ताणली आणि आरवला.

आधी कोणी हसलं नाही. मग पुढच्या रांगेतून एक हसू फुटलं, आणि सगळ्यांनी पाहिलं तर ते प्रेमानंद होते. हसता हसता त्यांचा धक्का लागला आणि कठड्याला टेकवलेली छत्री फरशीवर खणकन पडली. टाचणी नव्हे, आख्खी छत्री. कोणाची, असं कोणी विचारलं नाही. मग बिशपही हसू लागले. त्यांनी हातातला लिहिलेला उपदेश बाजूला ठेवला आणि म्हणाले, बरं, मग पुन्हा सुरू करतो.

घरी जाताना प्रेमानंदांनी ऊन लागतं म्हणून छत्री उघडली. ती आधी कधी उघडलेलीच नव्हती, आत कसरीने चाळण केली होती. त्या भोकांतून दोघांच्या अंगावर उन्हाचे ठिपके पडत राहिले. बराच रस्ता चालून झाल्यावर प्रमोदिनीबाईंनी विचारलं, खरंच भेव लागलं होतं का. प्रेमानंद म्हणाले, “अजूनबी लागून राहिलं वं.”  बाईंनी छत्री थोडी त्यांच्या बाजूला सरकवली.

इथे रुपराव थांबले आणि त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. नव्या कुटुंबातल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला होता. त्यांच्या नवऱ्याने विचारलं, ही सगळी माणसं आता कुठे असतात. रुपराव म्हणाले, बायजाबाई देवाघरी गेली, नत्थू गावी गेला, प्रेमानंद आणि प्रमोदिनी पोराकडे पुण्याला गेले, पाळकांची बदली झाली. विचारायला कोणी उरलं नाही, हेच तर दुःख आहे.

आणि कोंबडा, त्या गृहस्थाने विचारलं.

रुपराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी पायाशी चुरा टिपणाऱ्या पाखराकडे बोट दाखवलं. कोंबडा कुठे जाणार, म्हणाले, देवाचा आहे तो, देवाच्या आवारात राहतो. हा काय इथेच बसलाय, सुरुवातीपासून. मघापासून मी एवढी मोठी गोष्ट सांगितली, एकदा तरी आरवला का? मग सांगा, यातला एक शब्द तरी खोटा असेल का?

सगळ्यांनी वाकून पाहिलं. पाखराने मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा चुऱ्याकडे वळलं. आरवलं नाही. गृहस्थाने हात जोडायला हात वर आणले होते.

पंचफुलाने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

“रुपरावबापू,” ती म्हणाली, “ते माही कोंबडी हाय. सकायीच अंडं देल्लं तिनं.”